मेंथॉल सिगारेटची बंदी, गुटख्याची बंदी आणि आपलं सोलापूर

पूर्वभागची लेक
सोमवार, रात्री ९:४०

गेल्या बुधवारची गोष्ट. नववीच्या वर्गात चाचणीचे पेपर वाटत होते. मागच्या बाकावरून 'टिक' असा बारीक आवाज आला, बॉलपेनचं बटण दाबल्यासारखा. जाऊन बघते तर एका मुलाच्या मुठीत न पेटवलेली सिगारेट. फिल्टरच्या आत साबुदाण्याएवढी गोळी असते, ती चिमटीत फोडून तो शेजारच्याला वास देत होता. मीही वास घेतला. पिपरमिंट. लहानपणी पोट दुखलं की अम्मा विड्याच्या पानात घालून द्यायची, तोच वास.

मुलगा रडकुंडीला आला. म्हणाला, "मॅडम, ही कडक नसते. थंड असते. घशाला लागत नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

संध्याकाळी घरी आले तेव्हा अम्मा दारात बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. चाळीस वर्षं झाली तिला. माझी डी.एड.ची फी त्या सुपातून निघाली, भावाच्या आयटीआयचीही. तिला वर्गातला प्रकार सांगितला आणि बोलता बोलता म्हणून गेले की असल्या सिगारेटींवर काही देशांत बंदी आहे, आपल्याकडेही यायला हवी. तिचे हात थांबले नाहीत. पत्र्याचा साचा ठेवून पान कातरलं, चिमूटभर तंबाखू पसरली, गुंडाळी केली, तोंड मोडलं, दोरा बांधला. मग मान वर न करता विचारलं, "बंदी म्हणजे विडीवर पण?"

मला उत्तर देता आलं नाही.

इथं वकील आहेत, डॉक्टर आहेत, बाहेरदेशी राहणारे आहेत. मेंथॉलवर, म्हणजे त्या पिपरमिंटच्या गारव्यावर, बंदी घातली तिथं पोरं वाचली का? आपल्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, मग माझ्या शाळेच्या कंपाउंडवर रोज नव्या पिचकाऱ्या कुठून येतात? आणि पूर्व भागातल्या, कुंभारीच्या घरकुलातल्या विड्या वळणाऱ्या हजारो बायांचं काय करायचं? थट्टामस्करी नको, फार मनापासून विचारतेय.

शेंगाचटणी
सोमवार, रात्री १०:०५

बंदीच पाहिजे ताई, आणि सरसकट पाहिजे. सिगारेट, विडी, मावा, सगळं एका दिवसात बंद. माझे मामा जिभेच्या कॅन्सरनं गेले. शेवटचे दोन महिने नळीनं दूध घालत होतो.

बोस्टनचा सोलापूरकर
मंगळवार, पहाटे ४:३०

मी होटगी रोडचा, अकरा वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये राहतोय. ही बंदी माझ्या डोळ्यांदेखत लागू झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या थंडीबद्दल. मेंथॉल घसा गार करत नाही. गारवा ओळखणारी जी यंत्रणा आपल्या नसांच्या टोकाला असते, तिलाच ते चेतवतं. मेंदूला वाटतं गार हवा आली. धूर तेवढाच गरम असतो, तेवढाच विषारी असतो, फक्त शरीराचा 'नको' म्हणणारा ठसका दाबला जातो. तुमच्या विद्यार्थ्यानं जे सांगितलं तेच इथले शास्त्रज्ञ शेकडो पानं भरून सांगत आलेत. अशा सिगारेटीचं पेटंट १९२५ साली ओहायोतल्या ह्यूज नावाच्या माणसानं घेतलं. पुढं मोठ्या कंपन्यांनी ती उचलली आणि १९५० नंतर तिची जाहिरात काळ्या लोकांच्या वस्त्यांमध्ये ठरवून केली, फुकट पाकिटं वाटली. १९५० च्या सुमारास काळ्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोक मेंथॉल ओढायचे. आज ते प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. ही आवड आपोआप लागलेली नाही, पाजून पाजून लावलेली आहे.

२००९ साली अमेरिकेनं कायदा केला आणि सिगारेटीतले सगळे स्वाद बंद केले. चॉकलेट, चेरी, लवंग, सगळे. एक सोडून. मेंथॉल तेवढं 'अभ्यास करू' म्हणून बाजूला ठेवलं, कारण सगळ्यांत जास्त खप त्याचाच. २०११ मध्ये सरकारनंच नेमलेल्या समितीनं सांगितलं की मेंथॉल काढल्यानं लोकांचं भलं होईल. प्रत्यक्ष नियमाचा मसुदा यायला २०२२ चा एप्रिल उजाडला. २०२४ मध्ये, निवडणुकीच्या वर्षी, 'अजून वेळ लागेल' असं जाहीर झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रस्ताव मागंच घेतला. सोळा वर्षं गेली आणि शेवटी हातात काहीच नाही.

आमच्या राज्यानं मात्र वाट पाहिली नाही. १ जून २०२० पासून इथं मेंथॉल विकायला बंदी आहे. दुकानातून ती खरंच गेली. पण माझ्या घरापासून तासाभरात न्यू हॅम्पशायरची हद्द लागते, तिथं सगळं मिळतं, आणि लोक गाड्या भरून आणतात. कॅलिफोर्नियात २०२२ च्या डिसेंबरात बंदी आली, तर कंपन्यांनी मेंथॉल न घालता गारवा देणारी दुसरी रसायनं घातली. त्यासाठी राज्याला २०२४ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. युरोपात २० मे २०२० पासून बंदी, तर तिथं पाकिटात सरकवायची सुगंधी कार्डं आली. रात्रभर पाकिटात ठेवलं की सकाळी सिगारेट मेंथॉलची.

तरीही बंदी फुकट गेली असं मी म्हणणार नाही. कॅनडानं २०१७ च्या ऑक्टोबरात देशभर मेंथॉल बंद केलं. नंतरच्या पाहणीत दिसलं की मेंथॉल ओढणाऱ्यांपैकी सोडणाऱ्यांचं प्रमाण साधी ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी जास्त होतं. एवढ्या मोठ्या देशात सात टक्के म्हणजे किती घरं, विचार करा.

एक दुखरी बाजूही सांगायला हवी. इथल्या काळ्या समाजातच दोन तट पडले. एक तट म्हणतो, आमच्या लोकांना मारणारी वस्तू दुकानातून काढा. दुसरा म्हणतो, बंदी आली की पोलिसांना आमच्या पोरांना अडवायला आणखी एक निमित्त मिळेल. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या फुटपाथवर एरिक गार्नर नावाचा माणूस सुट्या सिगारेटी विकतो या संशयावरून पोलिसांनी धरला आणि त्यांनी गळा आवळल्यानं तो मेला. त्यामुळे ही भीती हवेतली नाही. २०२२ च्या मसुद्यात स्पष्ट लिहिलं होतं की कारवाई बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर होईल, ओढणाऱ्यावर नाही. तरी लोकांचा विश्वास बसला नाही.

सात रस्त्याची टपरी
मंगळवार, दुपारी २:१५

नमस्कार अक्का. माझी टपरी हाय, वडलांच्या काळापासनं. खरं काय ते सांगतो, कुणाला राग आला तर येऊ द्या.

तुम्ही ज्या सिगारेटीबद्दल बोलायलात तिला पोरं 'ठंडी' म्हणत्यात. "दादा, एक ठंडी दे." कॉलेजची पोरं, आणि अलीकडं शाळेतली पण. आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक हाय. नवीन पोरगं साधी सिगारेट घेतं, दोन झुरके मारतं, ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं आणि निम्मी फेकून जातं. त्यातली कित्येक पोरं परत येत नाहीत. ठंडीवालं पोरगं दुसऱ्या दिवशी येतंच. महिनाभरात रोजचं गिऱ्हाईक. मी वीस वर्षं बघायलोय, मला कुठला अभ्यास वाचायची गरज नाही.

सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासनं बंदी हाय. विकतो का? विकतो. अख्खं पाकीट घेणारं गिऱ्हाईक शंभरात दहा. उरलेल्या नव्वदांना नाही म्हटलं तर संध्याकाळी घरी काय नेऊ? पण शाळेच्या गणवेशातल्या पोराला मी देत नाही, ही सिद्धेश्वराची आण.

गुटख्याचं म्हणाल तर बंदी आली तेव्हा मला वाटलं बरं झालं. सहा महिन्यांत माल परत आला, फक्त काउंटरवरनं काउंटरच्या खाली गेला आणि पाचची पुडी दहाला झाली. विजापूरकडनं, गुलबर्ग्याकडनं, अक्कलकोटकडनं, रस्ते काय कमी हायत का? कर्नाटकात पण गुटखा बंद हाय म्हणं. मग दोन्हीकडं बंद असलेला माल रात्रीत एवढा चालतो कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. एकदा माझ्यावर केस झाली, चार पुड्यांसाठी. तेव्हापासनं गुटखा ठेवत नाही. माल आणून देणारा पोरगा अजून फिरतो.

काळा कोट
मंगळवार, रात्री ११:२०

टपरीवाले दादा, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर कायद्यात आहे.

आपण 'नशेचे कायदे' असं सरसकट म्हणतो, पण दारू वगळली तरी चार वेगळे कायदे आहेत आणि त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. गांजा, चरस, अफू, एमडी हे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. त्यात सगळा खेळ वजनाचा. गांजा किलोच्या आत असला तर अल्प मात्रा, २० किलोच्या वर गेला की व्यापारी मात्रा. एमडी म्हणजे मेफेड्रोन २०१५ साली यादीत आलं. त्याची अल्प मात्रा २ ग्रॅम, व्यापारी ५० ग्रॅम. व्यापारी मात्रेला कमीत कमी दहा वर्षं सक्तमजुरी आणि जामीन जवळपास अशक्य. तरीही २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्या चिंचोळी एमआयडीसीत एमडीचा कारखाना सापडला आणि २०२५ मध्ये तुळजापुरातलं एमडीचं प्रकरण उघडकीला आलं. याच कायद्यात कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला तर अल्प मात्रेच्या गुन्ह्यात त्याला खटल्यातून मोकळीक मिळू शकते. हे कलम फार थोड्या घरांना माहीत असतं. आई-बाप बदनामीला भिऊन पोराला लपवतात आणि पोरगं हातचं जातं.

तंबाखू एनडीपीएसमध्ये नाही. तिच्यासाठी २००३ चा कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रणाचा कायदा. सार्वजनिक जागी ओढल्यास २०० रुपयांपर्यंत दंड, अठरा वर्षांखालच्या मुलाला विकायला मनाई, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकायला मनाई. सिगारेटीला कुठला स्वाद असावा, आत गोळी असावी की नसावी, यावर त्यात बंदी नाही. म्हणून ताईंच्या वर्गातली ती गोळी कायदेशीर आहे. बेकायदा आहे ती मुलाला झालेली विक्री.

आता विसंगती बघा. ई-सिगारेट २०१९ पासून पूर्ण बंद. बनवणं, विकणं, जाहिरात यांना पहिल्या गुन्ह्यात वर्षभर कैद किंवा लाखभर दंड किंवा दोन्ही, साठा केला तरी सहा महिने. स्वाद लावून पोरांना ओढतात हे त्या बंदीमागचं एक मोठं कारण होतं. तोच स्वाद कागदी सिगारेटीत असला की चालतो.

गुटख्यावरची बंदी तर अन्न कायद्याखाली आहे. महाराष्ट्रानं पहिली बंदी २००२ साली घातली होती, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग २०११ मध्ये केंद्रानं नियम केला की कुठल्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन चालणार नाही. त्याच्या आधारे जुलै २०१२ पासून आपल्याकडे दरवर्षी नव्यानं आदेश निघतो. जहर खाऊ घातल्याचं कलम गुटख्याला लावता येईल का, यावर वर्षानुवर्षं कोर्टात वाद झाले. अन्न कायदा असला तरी दंडसंहितेखालीही खटला चालू शकतो, एवढं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं.

अशा खटल्यांत मी उभा राहिलोय. पिंजऱ्यात टेम्पोचा ड्रायव्हर असतो, नाहीतर टपरीवाला. ड्रायव्हरला माल कुणाचा ते माहीत नसतं, फोन आला तिथून उचलला एवढंच. गोदामाचा मालक मी आजवर पिंजऱ्यात पाहिलेला नाही. दादांचा माल रात्रीत चालतो तो याच पोकळीतून.

दातांची डॉक्टर
बुधवार, सकाळी ७:५०

माझ्या खुर्चीत रोज तरुण मुलं येतात. मी सांगते, "तीन बोटं उभी धरून तोंडात घाल." निरोगी तोंडात तीन बोटं जातात. गेल्या आठवड्यात एकोणीस वर्षांच्या मुलाचं एकच बोट गेलं, तेही कसंबसं. गाल आतून पांढरे, पुठ्ठ्यासारखे कडक. मिसळ खाल्ली की आग होते म्हणून आला होता. तंबाखू खात नाही असं शपथेवर सांगत होता आणि ते खरं होतं. तो साधा पानमसाला खायचा. त्यातली सुपारीच हे करते. सुपारी स्वतः कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्येच ठरवून दिलंय. आणि पानमसाल्यात गारवा असतोच. तोंडात जखम असली तरी गार वाटतं, म्हणून पोरगं थांबत नाही.

म्हणून सिगारेटीपुरतं बोलून भागणार नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. आपला रोग मशेरीत, मळलेल्या तंबाखूत, माव्यात आहे. स्वादाची बंदी करायची तर ती वस्तू बघून करू नका. तोंडातून किंवा छातीतून जाणाऱ्या तंबाखूत आणि सुपारीत गारवा नको, गोडवा नको, एवढं एकच कलम पुरे.

ताई, एक विचारते. अम्मांना खोकला आहे का? विडी न ओढताही वळणाऱ्या बायांच्या अंगात निकोटिन सापडतं. हाताच्या कातडीतून जातं, धुळीतून जातं.

नवी पेठ
बुधवार, सकाळी ११:००

विडीला यात ओढू नका, एवढी विनंती. शहर गिरण्यांवर उभं राहिलं, गिरण्या गेल्या. यंत्रमाग निम्मे बंद. विडी आहे म्हणून पूर्व भागातल्या घरात चूल पेटते. मेंथॉल सिगारेट हा श्रीमंतांचा शौक, ती खुशाल बंद करा.

बोस्टनचा सोलापूरकर
बुधवार, रात्री ८:१०

तुमची कळकळ समजते, पण अमेरिकेनं २००९ मध्ये नेमकं हेच केलं होतं. लवंगेची सिगारेट इंडोनेशियातून यायची, ती बंद केली. मेंथॉल त्यांच्या घरची, ती चालू ठेवली. इंडोनेशिया जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २०१२ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला. दोन्ही सिगारेटी पोरांना सारख्याच भुलवतात, मग एकीला सूट का, हा प्रश्न होता. आपण विडीला सूट देतो तेव्हा तोच प्रश्न आपल्यालाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तेंदूपत्त्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, १ फेब्रुवारी २०२६ पासून विडीवरचा २८ वरून १८ वर. सिगारेटीसाठी ४० टक्के. ओढणाऱ्याच्या छातीला हा फरक कळत नाही.

मुळेगावचा
बुधवार, रात्री ९:२५

मी इथं फारसा लिहीत नाही. आमच्या तांड्याचं नाव हातभट्टीनं खराब झालं होतं. दारूबंदीचा कायदा १९४९ चा. म्हणजे माझ्या आजोबांनी धाडी पाहिल्या, वडलांनी पाहिल्या, मी पाहिल्या. पोलीस यायचे, बॅरल फोडायचे, रसायन ओढ्यात सोडायचे. दोन दिवसांनी धूर परत.

२०२१ मध्ये ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. धाडी थांबल्या नाहीत, पण एकेका अधिकाऱ्याला एकेक गाव दिलं आणि घरोघर बसून विचारलं की हे सोडलं तर काय कराल. कुणाला शिवणयंत्र, कुणाला दुकान, कुणाला नोकरी. सगळं सुटलं असं खोटं सांगणार नाही. पण आमच्या गल्लीत जी बाई पहाटे तीनला भट्टी लावायची ती आता ब्लाउज शिवते, आणि तिचा मुलगा शाळेत जाताना कपड्यांना वास येत नाही. पहिल्यांदाच कुणीतरी बॅरल फोडण्याआधी विचारलं होतं, एवढाच फरक.

पूर्वभागची लेक
गुरुवार, रात्री १०:५०

दोन दिवस सगळं वाचत होते. रात्री अम्मालाही वाचून दाखवलं, जिथं अडलं तिथं तेलुगूत सांगितलं.

डॉक्टर, हो, खोकला आहे. कित्येक वर्षांचा. आम्ही त्याला 'सुपाचा खोकला' म्हणतो, आणि नाव दिल्यामुळं तो घरातला होऊन गेला. तिनं आयुष्यात एक विडी ओढली नाही.

नवी पेठ, तुमची भीती तीच माझी भीती आहे, पण मी तुमच्या बाजूनं नाही. विडी गरिबाची आहे म्हणून ती निर्दोष होत नाही. वळणारी गरीब आणि ओढणारा हमाल, गवंडी, तोही गरीबच. एकाची चूल दुसऱ्याच्या छातीवर पेटते, हे अम्माला माझ्याआधी कळलंय. माझे अप्पा ओढायचे. तिनंच वळलेल्या. छाट म्हणून कारखान्यानं परत केलेल्या.

पण शेंगाचटणी, तुमच्या मामांचं वाईट वाटतं, तरीही 'एका दिवसात बंद' हे मला मान्य नाही. भूतानसारख्या छोट्या देशानं २००४ मध्ये तंबाखूची विक्रीच बंद केली होती. चोरटा माल सीमेवरून येतच राहिला, आणि कोविडमध्ये त्या वाटेनं रोग येईल या भीतीनं ती बंदी उठवावी लागली. आणि एका दिवसात बंद झालं तर पहिला फटका कारखानदाराला बसणार नाही. तो भांडवल दुसरीकडं नेईल. फटका त्या बाईला, जिला हजार विड्यांमागं मजुरी मिळते आणि छाट निघाली तर तीही कापली जाते.

मुळेगावच्या दादांनी लिहिलं ते वाचून अम्मा प्रथमच बोलली. म्हणाली, "आम्हाला पण कुणीतरी आधी विचारावं."

मला विचारायचंय की का नाही विचारत? या शहराला हे जमतं. विडी कामगार बायांसाठी कुंभारीला दहा हजार घरं कामगार नेते आडम मास्तरांच्या चळवळीतून उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंगांच्या हस्ते चाव्या मिळाल्या. कामगारांसाठीची रे नगरची योजना तीस हजार घरांची, त्यातल्या पंधरा हजारांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींनी दिला. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान आमच्या बायांच्या दारात येऊन गेले. घर बदललं. घरात सूप तेच राहिलं. जागतिक तंबाखू नियंत्रण करारावर भारतानं २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्याच्या १७ व्या कलमात तंबाखूवर पोट असलेल्या शेतकरी-कामगारांना दुसरं काम मिळवून द्यायला मदत करावी असं लिहिलंय. शाळेपासूनचं अंतर, पाकिटावरचं चित्र, दंड, हे सगळं कायद्यात आलं. हे १७ वं कलम आमच्या गल्लीत अजून आलेलं नाही.

मला सातवीत विडी कामगार कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळाली होती. वही-पुस्तकं त्यातून आली. १९७६ च्या कायद्यानं विडीवर छोटा उपकर होता, त्यातून हा निधी चालायचा. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये उपकर गेला. माझं मागणं आहे की तो परत लावा, वाढवून लावा, आणि त्यातला रुपयान् रुपया वळणाऱ्या बायांसाठी राखून ठेवा. साठीच्या पुढच्यांना पेन्शन. चाळिशीच्या आतल्यांना टॉवेल-गारमेंटच्या कारखान्यात शिकतानाची मजुरी, फुकटचं शिबिर नको. आणि नव्या मुलीच्या मांडीवर सूप येऊ नये, एवढी खबरदारी. वीस वर्षं लागू देत. पण सुरुवात केल्याची तारीख तरी सांगा.

ठंडीला मात्र एक दिवसही द्यायला मी तयार नाही. त्या गोळीवर सोलापुरातल्या एकाही बाईचं घर चालत नाही. तिचं काम एकच, पोराचा पहिला ठसका दाबणं. टपरीवाले दादांनी ते वीस वर्षांच्या अनुभवानं सांगितलंय. डॉक्टर म्हणतात तसं सगळ्याच तंबाखू-सुपारीतून स्वाद काढणारं कलम राज्यानं करावं, आणि अमेरिकेसारखी एकाला सूट ठेवू नये. पोराच्या खिशात सापडली तर पोराला शिक्षा नको. कारखान्यातून निघालीच नाही पाहिजे.

हे सगळं होईल तेव्हा होईल. हातातलं काम सांगते. त्या मुलाच्या वडलांना बोलावलं होतं, ते लूमवर रात्रपाळी करून तसेच आले. मारू नका म्हणून मी हात जोडले. तंबाखू सोडायचा मोफत सरकारी नंबर १८००-११-२३५६ त्यांना लिहून दिला. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि हळूच विचारलं, "मॅडम, मी पण फोन केला तर चालतो का?"

आणि शनिवारी आम्ही मोजणी करणार आहोत. शंभर यार्ड म्हणजे ९१ मीटर ४४ सेंटिमीटर. खेळाच्या तासाची टेप शाळेत आहे. फाटकापासून पावलांनी मोजलं तर तीन टपऱ्या आत येतात. त्यातल्या एकीचा मालक माझ्याच विद्यार्थिनीचा काका आहे. भांडायला जायचं नाहीये. वकीलसाहेब, अंतर फाटकापासून धरायचं की कंपाउंडपासून?

काळा कोट
गुरुवार, रात्री ११:१५

कंपाउंडच्या बाहेरच्या कडेपासून, चोहोबाजूंनी सरळ रेषेत. रस्त्याच्या वळणानं मोजू नका. मोजणीचा कागद करा, मुख्याध्यापकांची सही घ्या. अर्जाचा मसुदा मी करून देतो, फी नाही. टपऱ्या हलवायला दुसरी जागा द्यावी, अशी ओळ त्यातच घालतो.

सात रस्त्याची टपरी
शुक्रवार, सकाळी ६:४०

टेपच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागंल. किती वाजता येऊ? आणि तुमचं झालं की माझी पण टपरी मोजून घ्या अक्का. पलीकडं मुलींचं हायस्कूल हाय.